दोन ओळींचा उजेड

रविवार, २२ सप्टेंबर १९९६, शेळगाव

आजपासून ही वही. आधी माझ्या हाताने बनवलेल्या वस्तू नोंदवून ठेवतो, म्हणजे पुढे कुणी वाद घालायला नको.

एन्लार्जर एक, निगेटिव्हवरून मोठा फोटो काढायचा. दहा लिटरच्या ॲल्युमिनियमच्या किटलीचा, भिंगं जुन्या बाजारातली, खांब भंगारातला पण रीतसर पावती केलेला. तिवई एक, सागवानी. पितळी डोकं मीच लेथवर काढलं आहे, बैल अंग घासून गेला तरी हलणार नाही. फिल्म धुवायची टाकी एक, पाण्याच्या पाइपाची, दोन वर्षांत थेंब गळालेला नाही. लाल दिव्याची पेटी एक. भिंगावरचं झापड एक, नायलॉनचं. शटर दाबायची केबल एक, लूनाच्या क्लचवायरची. विकतची वर्षात तुटते, ही पाच वर्षं चालू आहे.

कॅमेरा मी बनवलेला नाही. तो जपानी आहे, पुण्यात जुना घेतला. आत उजेड मोजायची सुई आहे. खरं सांगायचं तर मला तिचा थोडा राग येतो, कारण तिच्या आत काय चालतं ते मला उघडून बघता आलेलं नाही.

यातलं कुणी शिकवलेलं नाही. चोवीस वर्षं वालचंदनगरला कंपनीत टर्नर आहे. मिलिमीटरचा शंभरावा भाग जिथे मोजतात तिथे माणूस घडला, की अंदाजपंचे काम त्याला सोसत नाही.

कौसल्येला यादी वाचून दाखवली. म्हणाली, "माझं नाव कुठं हाय?"

"बनवलेल्या वस्तूंची यादी आहे ही."

"टाकी धुती कोण? मग धुतलेल्या वस्तूंची निराळी यादी करा."

रविवार, २९ सप्टेंबर

आज विहारात कमिटीची बैठक झाली. तिथे मी जरा जास्त बोलून गेलो. काय बोललो ते जसंच्या तसं लिहितो.

चौदा ऑक्टोबरला यंदा चाळीस वर्षं होतात. छप्पन्न साली आमच्या गावातून सात जण नागपूरला धम्मदीक्षेला गेले होते. सातांतले आता एकटे आबा राहिलेत, म्हणजे माझे वडील, गंगाराम. दरवर्षी त्या संध्याकाळी विहारातले सगळे दिवे मालवतात. पूर्ण अंधार. मग नागपूरला गेलेला माणूस पहिली मेणबत्ती लावतो आणि वंदनेच्या पहिल्या दोन ओळी एकटा म्हणतो. तोवर कुणी ब्र काढत नाही. दोन ओळी संपल्या की त्याच ज्योतीवर सगळे आपापली मेणबत्ती लावून घेतात आणि पुढची वंदना मिळून होते. असं लहानपणापासून बघत आलो. याचा एकही फोटो गावात नाही. फ्लॅश मारला की अंधारच जातो, मग फोटो कशाचा.

कमिटीचा सेक्रेटरी रविंद्र तलाठी कार्यालयात आहे. उत्साही माणूस. त्याने बारामतीच्या ज्ञानेशला ठरवायचं काढलं. ज्ञानेशचा स्टुडिओ मोठा, व्हिडिओ आहे, दोन हॅलोजन आहेत.

मी म्हणालो, "हॅलोजन लावून अंधाराची शूटिंग करणार का?"

"दादा, उजेड न्हाय तर दिसणार काय? चाळीस वर्षांचा कार्यक्रम हाय. आठवण नको?"

"आबांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन जूनमध्ये झालंय. हॅलोजन समोर आला की डोळे पाण्याने भरतात."

"मग त्यांनी काळा चष्मा लावावा," मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. आबाही हसले.

तेव्हा मी उठून सांगितलं की मी एका मेणबत्तीच्या उजेडात फोटो काढीन, फ्लॅशशिवाय, आबांचं तोंड ओळखू येईल असा. नाही आला तर पुढच्या वर्षापासून हॅलोजन आणा, मी विहारात कॅमेरा घेऊन पाय ठेवणार नाही.

रविंद्रने हे वहीत लिहून घेतलं. बैठकीचा ठराव म्हणून.

घरी येताना आबा म्हणाले, "एवढं कशाला बोललास रं?"

"येतो फोटो. हिशेबाचं काम आहे."

"हिशेब तुझा. डोळं माझं," आबा म्हणाले.

मंगळवार, १ ऑक्टोबर

पाळीवरून आल्यावर डार्करूमची खिडकी बंद केली (डार्करूम म्हणजे ज्वारीच्या कणग्यांची खोली), कौसल्येला मेणबत्ती धरून बसवलं आणि कॅमेऱ्यातून पाहिलं. सुई तळाशी पडून राहिली. टकटक केलं. हलली नाही.

कौसल्या म्हणाली, "मेली काय?"

मेली नाही. तिला एका हद्दीखालचा उजेड कळतच नाही. माणसाला दिसतं, सुईला दिसत नाही. पंधरा वर्षं मी या सुईच्या शब्दावर चाललो आणि नेमकं गरज पडली तिथे ती तोंड फिरवून बसली. हे मला सहन झालं नाही.

बुधवार, २ ऑक्टोबर

सुट्टी. सुईवर तोड काढली.

पांढरा कागद तोंडाच्या पाचपट उजेड परत फेकतो. म्हणून मेणबत्तीजवळ, आबांचं तोंड जिथे येणार तिथे, कोऱ्या वहीचं पान धरलं आणि सुई त्या पानावर रोखली. जेमतेम उठली. एक गोष्ट ध्यानात आली: बाहेरच्या उन्हातून आत येऊन लगेच पाहिलं तर सुई खोटं बोलते. दहा मिनिटं अंधारात बसू दिली की खरं बोलायला लागते. उन्हातून घरात आल्यावर आपलंही तसंच होतं.

पानावर उत्तर आलं एक सेकंद. तोंडासाठी पाचपट, म्हणजे पाच. आमची तोंडं सावळी, म्हणून आठ. आठ सेकंद. यात कुठे चूक असेल तर दाखवावी.

आता आठ सेकंद मोजायचे कसे? अंधारात घड्याळ दिसत नाही, एक हात केबलवर, लक्ष आबांवर. जेवताना सुचलं. कौसल्येला वंदनेची पहिली ओळ म्हणायला लावली, घड्याळ लावलं. चार सेकंद. परत म्हणवली. चार. पाच वेळा म्हणवली, पाचही वेळा चार. दोन ओळी म्हणजे आठ. आबा दोन ओळी म्हणतात, तेवढाच वेळ शटर उघडं ठेवायचं. पहिल्या अक्षराला उघडायचं, शेवटच्या अक्षराला मिटायचं. असं आजवर कुणी केलं असेल असं वाटत नाही.

रविवार, ६ ऑक्टोबर

चाचणी घेतली. चारशेची काळी-पांढरी फिल्म, मेणबत्ती एक, कौसल्या एक, ओळी दोन. धुतल्यावर निगेटिव्ह पाण्यासारखी पातळ आली. कौसल्येच्या जागी नुसती ज्योत आणि नाकाचा शेंडा.

कारण शोधलं. फिल्म धुवायचा डेव्हलपर मे महिन्यातला आहे, उन्हाळ्यात मेला असणार. शिवाय कौसल्या हलली.

"मी न्हाय हलले."

"हललीस. नाक बघ."

"नाक तर आलंय की. जे आलंय ते हललं, आन जे आलं न्हाय ते काय गावाला गेलं व्हतं?"

अंजली तिथेच होती. माझी मुलगी, बारामतीला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला, एसटीने जाऊन-येऊन करते. ती फिल्मच्या डबीतला इंग्रजी कागद वाचत बसली होती. तो कागद मी नेहमी फेकून देतो. म्हणाली, "दादा, यात लिहिलंय की एक सेकंदाच्या वर गेलं की फिल्म सुस्तावते. हिशेबापेक्षा जास्त वेळ द्या म्हणतात. आठ सेकंदांना जवळजवळ दुप्पट."

मी तिला समजावलं की हे कागद थंड देशातल्या लोकांसाठी असतात. तिकडे सगळंच सुस्तावतं. टाकी मी बनवली, मोजमाप मी केलं, आणि दोष म्हणे फिल्मचा. दोष डेव्हलपरचा आहे. नवा आणला की आठ सेकंद पुरे.

 तिने कागद घडी घालून आपल्या प्रॅक्टिकलच्या वहीत ठेवला. पोरगी समंजस आहे, पटलं की वाद घालत नाही.

गुरुवार, १० ऑक्टोबर

बारामतीहून नवा डेव्हलपर आणला. दुकानात ज्ञानेश भेटला. तिशीतला, शर्टाच्या खिशात तीन पेनं.

"काय सोपानराव, ऐकलं ते खरं काय? मेणबत्तीवर फोटो?"

"खरं."

"चौदा तारीख मी मोकळी ठेवलीय. हॅलोजन गाडीत टाकूनच ठेवतो. तुम्ही नुसता फोन करा."

"विहारात फोन नाही."

"मग पंधराला या, चहा पाजतो." वाईट माणूस नाही. फक्त हसताना खांदे हलतात त्याचे.

दुसरी चाचणी करायला फिल्म उरलेली नाही, पुढचं रीळ त्याच दिवसासाठी आहे. नवा डेव्हलपर आहे, चिंता नाही. तरी झोप येत नाही, हे लिहून ठेवतो.

शनिवार, १२ ऑक्टोबर

एक समाधानाची गोष्ट. तीन दिवस झाले, संध्याकाळी अंजली ओसरीवर आबांजवळ बसते आणि त्यांच्याकडून वंदना म्हणवून घेते. हातात माझंच स्टॉपवॉच, कंपनीच्या खेळात बक्षीस मिळालेलं. आबा म्हणतात, ती बोट वर करून धरते, मग खाली आणते, मान हलवते, परत म्हणवते. आजकालच्या कॉलेजच्या मुलींना एवढी ओढ कुठे असते. मी लांबून बघितलं, मध्ये बोललो नाही. आबा मला बघून थांबले.

"काय चाललंय?" मी विचारलं.

"शिकतोय," आबा म्हणाले. वय वर्षं अठ्ठ्याहत्तर.

"तुम्हांला काय शिकायचं राहिलंय?"

"लई काय काय राहिलंय," असं म्हणून ते आणि अंजली दोघं हसले. आजा-नातीचं गूळपीठ आहे, मला आनंद आहे.

सोमवार, १४ ऑक्टोबर

रात्र झाली आहे पण आजचं आजच लिहितो.

सहाला तिवई लावली. भिंगाचं तोंड हिशेबात धरलं होतं तेवढंच उघडलं. चौथऱ्यापासून सात फूट, टेपने मोजून. चौथऱ्यावर आबांचे पाय जिथे येणार तिथे खडूने दोन पावलं काढली. विहारात सगळी माणसं भरली होती, वालचंदनगर, भवानीनगरची पण आली होती. कौसल्या बायकांत पुढे बसली होती. आई, म्हणजे भागुबाई, भिंतीला टेकून.

रविंद्रने दिवे मालवले. अंधारात कुणाचं तरी पोर विचारायला लागलं, "लाईट गेली?" आणि सगळा विहार दबून हसला. मग शांत.

आबांनी काडी ओढली. मेणबत्ती धरली. पाय बरोबर खडूच्या पावलांवर. त्यांनी पहिलं अक्षर उच्चारलं, मी केबल दाबली.

आणि ओळ संपेना.

चाळीस वर्षांत आबांनी ही ओळ अशी म्हटलेली मी ऐकली नाही. एकेक अक्षर जमिनीतून उपसून काढल्यासारखं. मी केबल धरून उभा, मनात कौसल्येचे चार सेकंद कधीच उलटून गेलेले, आणि आबा अजून पहिल्या ओळीच्या मध्यावर. मिटावं तर ठरल्याप्रमाणे ओळ संपलेली नाही. न मिटावं तर उजेड दुप्पट जातोय. आयुष्यात पहिल्यांदा काय करावं कळलं नाही. ठरलं ते ठरलं म्हणून धरून ठेवली. दुसरी ओळ पण तेवढीच लांब. शेवटच्या अक्षराला मिटलं. 

आबा तेवढा वेळ पुतळ्यासारखे उभे होते. नुसते ओठ हलत होते.

पुढचं सगळं छान झालं. एकापासून एक ज्योती लागत गेल्या, विहार उजळला. मला त्यातलं काही दिसलं नाही.

बाहेर आल्यावर रविंद्र म्हणाला, "आबा आज लई सावकाश, न्हाय? अंगावर काटा आला."

कौसल्येने अंधारातच स्टॉपवॉच दाबलं होतं, ते बाहेर उजेडात बघितलं. सोळा सेकंद. म्हणजे दुप्पट. म्हणजे निगेटिव्ह कोळशासारखी काळी. मी संपलो.

आबांना विचारलं, "एवढं सावकाश का म्हटलं?"

"चाळीस वर्षं झाली रं. आता घाई कशाची?"

अंजली लगेच उठून दूध तापलं का बघायला गेली.

बुधवार, १६ ऑक्टोबर

काल फिल्म धुतली नाही. हिंमत झाली नाही. जेवणही गेलं नाही. कामावर एक नग नऊ शतांश मिलिमीटर जास्त कापला गेला, चोवीस वर्षांत असं झालं नव्हतं.

आज धुतली. टाकीतून काढून दिव्यासमोर धरली. 

पातळ नाही, काळी नाही. जशी असावी तशी. रात्री आठ बाय दहाचा प्रिंट काढला. लाल दिव्यात कागदावर आधी ज्योत आली. मग हात. मग आबांची हनुवटी, गालावरच्या रेषा, डोळे. ओठ तेवढे धूसर आहेत, कारण ते म्हणत होते. कडेला अंधारात बसलेली माणसं पुसट आहेत, पण आई ओळखू येते आणि कौसल्येचं नाक पण येतं. या खेपेला अख्खी कौसल्या आली.

सगळ्यांना उठवून दाखवला. आबांनी प्रिंट डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. म्हणाले, "ह्यो मी हाय व्हय? मला वाटलं व्हतं त्यापेक्षा बरा दिसतोय." मग प्रिंट खाली ठेवला नाही बराच वेळ.

मी कारण सांगितलं. सावळ्या तोंडांसाठी जो वाढीव वेळ धरला होता तो कमी पडतोय, असं माझ्या मनाला आधीपासून वाटत होतं. म्हणूनच मी आबांच्या ओळीवर विश्वास ठेवून केबल सोडली नाही.

कौसल्या म्हणाली, "आधीपासनं वाटत व्हतं तर दोन दिवस ताटावरनं का उठलात?"

 मी उठून आबांच्या डोळ्यांत रात्रीचं औषध घातलं.

रविवार, २० ऑक्टोबर

विहारात प्रिंट लावला. काचेची चौकट मी बनवली (यादीत भर). खाली अंजलीच्या अक्षरात: "छाया: सोपान गंगाराम. उजेड: मेणबत्ती एक. वेळ: दोन ओळी."

रविंद्रने ठरावाच्या वहीत लिहिलं की पुढील वर्षीपासून विहारात हॅलोजन आणू नये. सगळ्यांनी हात वर केले. आबांनी दोन्ही केले. रविंद्र म्हणाला, "आबा, एकाला एकच मत." आबा म्हणाले, "दुसरं डोळ्याचं हाय."

आई प्रिंटजवळ गेली. म्हणाली, "त्या रातीला नागपुरात पण ह्ये असंच दिसत असतील." ती तेव्हा बाळंतपणामुळे गेली नव्हती.

रविवार, ३ नोव्हेंबर

ज्ञानेश मोटारसायकलवर आला. प्रिंटसमोर उभा राहिला, खांदे हलले नाहीत. घरी येऊन पाय दुमडून बसला, चहा घेतला, दुसरा मागितला.

"सोपानराव, पुण्याचे एक कॅलेंडरवाले माझे गिऱ्हाईक आहेत. त्यांना याबद्दल सांगितलं. त्यांना असे बारा पाहिजेत. बारा गावं, बारा दिवे. मंदिर, विहार, दर्गा, काय मिळेल ते. फ्लॅश नाही. तुमचं नाव खाली छापणार. मला जमत नाही, मी खोटं कशाला बोलू. गाडी माझी, फिल्म त्यांची."

विचार करून सांगतो म्हणालो. छाती फुगली होती, ते लपवलं नाही आणि इथेही लपवत नाही.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

ज्ञानेशने दिलेल्या फिल्मवर घरी चाचणी घेतली. तीच मेणबत्ती, तेच अंतर, नवा डेव्हलपर, पांढरा कागद, कौसल्येच्या दोन ओळी. निगेटिव्ह पाण्यासारखी पातळ. नाकाचा शेंडा.

मग आबांना बसवलं. त्यांनी दोन ओळी म्हटल्या, रोजच्यासारख्या, आठ सेकंदांत. तीही पातळ. मी विचारलं, त्या दिवशीसारखं म्हणा की. आबांनी अंजलीकडे बघितलं. मग म्हणाले, "ते विहारात येतं. ओसरीवर न्हाय येत."

संध्याकाळी अंजलीची प्रॅक्टिकलची वही सरळ करून ठेवताना एक पान उघडलं गेलं. नेटकं कोष्टक, पट्टीने आखलेलं. डाव्या रकान्यात "आबा", उजवीकडे आकडे: ११, १३, १४.५, १५.५, १६, १६. खाली तोच इंग्रजी कागद घडी घालून चिकटवलेला. पोरीचं कोष्टक माझ्यासारखं आहे, रकान्यांची रुंदी अगदी सारखी.

कागद उघडून पाहिला. इंग्रजी मला आकड्यांपुरतंच येतं. आकडे वाचले. परत घडी तशीच घातली, वही जिथे होती तिथे ठेवली. 

रविवार, १७ नोव्हेंबर

पुढच्या वर्षीसाठी नोंद: पांढऱ्या कागदावर पाचपट, सावळ्या तोंडांना आठ, आणि त्यावर आबा म्हणतील तेवढं. हा हिशेब मी आज नव्याने मांडला आहे आणि त्यात चूक नाही. अंजलीला दाखवला. तिने बघितला आणि म्हणाली, "बरोबर आहे दादा." आणि माझ्याकडे न बघता हसली.

ज्ञानेशला चिठ्ठी पाठवली. लिहिलं की बारा गावांत बारा दिवे सापडतील, पण माझं मोजमाप सुईवर नाही, ते आबांच्या आवाजावर आहे. आणि तो आवाज गाडीत घालून गावोगाव नेण्यासारखा नाही, तो नातीच्या बोटावर चालतो. तेव्हा हे काम माझ्याच्याने होणार नाही, राग मानू नये, चहाला यावं.

काम नाकारलं ते कॅलेंडरच्या बारा फोटोंचं. रक्कम नऊ हजार रुपये, जेवण आणि गाडी वेगळी.